डायलिसिस लागलं म्हणून हार्मोन जागेवर येत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: डायलिसिस लागलं की हार्मोन आपोआप सुधारतात, हृदयाला धोका फक्त कोलेस्टेरॉलचा, फॉस्फरसच्या गोळ्या सोडा आणि हाडांसाठी कॅल्शियम घ्या. पहिलंच वाक्य चुकलंय, त्यामुळे पुढची सगळीच घसरलीत.

मशीन रक्त गाळतं, हार्मोन बनवत नाही. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देणं आणि रक्तवाढीचं इरिथ्रोपोएटिन सोडणं ही किडनीची कामं डायलिसिसनंतरही अडलेलीच राहतात. ड कमी, फॉस्फरस चढलेला. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्यांचा हार्मोन, म्हणजे पीटीएच, वाढवतात आणि हाडांतून कॅल्शियम-फॉस्फरस उपसतात. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, हृदयाच्या झडपांत चुन्यासारखं बसतं. वाहिन्या ताठरतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो.

‘फॉस्फरस मशीन काढतंच की!’ हिशोब मांडा. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम निघतो. रोजच्या जेवणातल्या १००० पैकी ६०० च्या आसपास शोषला गेला तरी आठवड्याचे ४२०० झाले. तीन डायलिसिसमध्ये फार तर ३०००. आणि पैशाअभावी मुंबईत दोनच करणारेही आहेत. उरलेला गोळीनेच अडवायचा. सेव्हेलॅमर ही फॉस्फरस पोटातच बांधणारी गोळी अख्खी गिळायची, जेवणाबरोबरच. झोपताना घेतली तर पोटात बांधायला अन्नच नसतं, पैसे मात्र जातात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं.

खाण्यात डाळीला फाशी आणि चीजला माफी, हा उलटा न्याय आहे. डाळीतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपास शोषला जातो. नाक्यावरच्या चीज टोस्ट सँडविचमधल्या प्रोसेस्ड चीजमध्ये आणि सोबतच्या कोलामध्ये घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा. पाकिटावर घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे फॉस्फेटचे क्रमांक दिसले तर ठेवून द्या.

कॅल्शियम मनाने सुरू करणं सर्वांत वाईट. उपाशीपोटी घेतलेली गोळी फॉस्फरस बांधत नाही. कॅल्शियम सरळ रक्तात जातं आणि वाहिन्यांतला चुना वाढायला हातभार लागतो.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर २००५ आणि २००९ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत डायलिसिसच्या रुग्णांना नव्याने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) देऊन हृदयाच्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. आधीपासून चालू असलेली स्टॅटिन मात्र स्वतःहून थांबवू नये.

‘हिमोग्लोबिन जितकं जास्त तितकं बरं’ हेही त्याच निरोपाचं शेपूट. इरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनने ते १३ च्या वर नेलं तर पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. साधारण १० ते ११.५ पुरे.

राहिला पीटीएचचा रिपोर्ट. लॅबची वरची मर्यादा ६५ असेल तर डायलिसिसवर साधारण १३० ते ५८५ चालतो. ३०० पाहून घाबरू नका आणि तो साध्या माणसाइतका खाली आणायचा हट्टही नको, त्यात हाडं सुस्तावतात, म्हणजे त्यांची झीज-भर मंदावते. एका आकड्यावर डोस बदलत नाहीत, कल बघतात. म्हणून एकदा दादरची लॅब, एकदा बोरिवलीची असं करू नका. किट वेगळं की आकडा वेगळा.