जीवनमान मोजू इच्छिणाऱ्या नागपूरकरांस नम्र सूचना

आपल्या वस्तीचे जीवनमान मोजण्याची जबाबदारी एखाद्या नागरिक मंडळाने, सोसायटीने किंवा उत्साही माजी नगरसेवकाने आपल्यावर सोपवली असेल, तर प्रथम अभिनंदन स्वीकारावे. जीवनमान सुधारायचे म्हटले की सांडपाण्याची गडरलाइन खोदावी लागते, कंत्राटदाराशी भांडावे लागते आणि चार शेजाऱ्यांचे वैर पत्करावे लागते. मोजायला मात्र एक तक्ता आणि पंख्याखालची खुर्ची पुरते. नवशिक्यांची फसगत एकाच ठिकाणी होते. मोजल्यानंतर निघेल तो आकडा लोकांसमोर ठेवायचा असतो, असा त्यांचा समज असतो.

सर्वप्रथम महिना निवडावा. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, कूलरमध्ये पाणी कोठून भरावे या विवंचनेतील गृहिणीला ‘आपण आयुष्याबद्दल समाधानी आहात काय’ असे विचारणे शास्त्रदृष्ट्या चूक नसले, तरी व्यवहारदृष्ट्या आत्मघातकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाविषयीची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे आणि ती माणसाला गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरे द्यायला सांगते. १९५३ च्या नागपूर करारामुळे आपल्याकडे दरवर्षी विधिमंडळाचे अधिवेशन भरते, साधारण डिसेंबरात, आणि तेही बहुधा आठवडा-दोन आठवडेच चालते. त्या काळात विधान भवनाकडे जाणारे रस्ते गुळगुळीत होतात, दुभाजकांना रंग लागतो आणि पथदिवे पेटतात. हा योगायोग विधात्यानेच जुळवून आणलेला आहे, तो वाया घालवू नये. मात्र ती प्रश्नावली झोप नीट लागते का आणि गरजेपुरता पैसा हाती असतो का, असेही विचारते. हे प्रश्न खाजगी स्वरूपाचे असल्याने सभ्य वस्तीत टाळलेलेच बरे.

त्यानंतर काय मोजावे हा प्रश्न येतो, आणि येथे एकच सूत्र आहे: वस्तू मोजावी, तिचा उपयोग मोजू नये. सिमेंटच्या रस्त्यांचेच पाहा. त्यांची लांबी किलोमीटरमध्ये निघते, छायाचित्र उत्तम येते आणि अहवालाला भारदस्तपणा लाभतो. रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेल्यामुळे पावसाचे पाणी पूर्वी रस्त्यावर थांबत असे ते आता स्वयंपाकघरात येऊन थांबते, ही बाब रस्त्याच्या रकान्यात बसत नाही, घराच्या रकान्यात बसते, आणि घराची जबाबदारी घरमालकाची. मेट्रो स्थानकाचे अंतर मोजतानाही नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजावे. मध्ये रेल्वेचे रूळ असतील आणि पादचाऱ्याला पुलापर्यंत वळसा घालावा लागत असेल, तर तो दोष इंग्रजांच्या काळातील रुळांचा आहे.

जलाशयाच्या सान्निध्याला भरपूर गुण ठेवावेत, कारण तलावांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या सुखवस्तू वस्त्यांत हे सान्निध्य थेट दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचले. प्रामाणिक सर्वेक्षकाने अशा घरांना या रकान्यात पूर्ण गुण द्यावेत आणि फ्रिज वाहून गेल्याचा उल्लेख ‘इतर’ मध्ये करावा.

आता गणिताकडे वळू. भागाकार हा जीवनमानाचा खरा आधार आहे. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा केंद्राचा निकष आहे. पेंच आणि कन्हानचे एकूण पाणी एकूण माणसांत वाटून टाकले की बंगल्याच्या हिरवळीवर सोडलेल्या पाइपातील पाणीही टँकरमागे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला जमा होते. तिला ते मिळत नाही ही गोष्ट निराळी. हिरवळीचा हिशेब तर याहून सुखद आहे. सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याचे जंगल, राजभवनाचा परिसर हे सारे एकत्र धरावे. राजभवनाच्या झाडाखाली आपल्याला बसता येत नसले, तरी भागाकारात त्याची सावली पाचपावलीतील माणसाच्या डोक्यावर अगदी बरोबर पडते. भाजक म्हणून २०११ च्या जनगणनेतील २४ लाखांची लोकसंख्या घ्यावी, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, आणि सरकारला जे मोजता आले नाही ते मोजण्याचा आगाऊपणा वस्तीच्या समितीने का करावा? झाडे आजची मोजावीत, माणसे २०११ ची. वाठोडा, मानेवाडा आणि नाऱ्याकडे तेव्हापासून जी माणसे राहायला आली, ती या पद्धतीने श्वासही घेत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत.

हवेविषयी फार लिहीत नाही. आपल्या शहरात हवा अखंड मोजणारे स्वयंचलित यंत्र बराच काळ सिव्हिल लाइन्समध्ये, जीपीओसमोर, म्हणजे शहरातील सर्वांत झाडीच्या भागात उभे होते. पुढे यंत्रांची संख्या वाढली, हे मला व्यक्तिशः घाईचे वाटते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख कोणत्या खिडकीत बसते हे तेथील गृहिणींना फडके फिरवताना कळतेच. त्यासाठी यंत्राची काय गरज?

कारभाराच्या गुणवत्तेसाठी निकाली निघालेल्या तक्रारी मोजाव्यात, सुटलेल्या नव्हेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे महापालिका प्रशासकांच्या हाती राहिली. त्या काळात ‘नगरसेवक भेटत नाहीत’ ही तक्रार तर्कदृष्ट्याच बाद ठरत होती. लोकशाहीचा एक सबंध रकाना इतक्या स्वच्छपणे कोरा मिळण्याची संधी वारंवार येत नसते.

लोकांचे मत विचारावेच लागते, त्याला इलाज नाही. केंद्राच्या २०२० च्या जीवनसुलभता निर्देशांकात नागरिकांच्या मताला १०० पैकी ३० गुण होते आणि १११ शहरांतील सुमारे ३२ लाख लोकांनी मते नोंदवली होती. आपण मात्र माणसे निवडून घ्यावीत. सकाळी फुटाळा तलावावर फिरायला आलेले, निवृत्तिवेतन सुरू झालेले आणि मुले परदेशी असलेले गृहस्थ उत्तम. ते थांबतात, बोलतात, शिवाय पोह्यांवर तर्री मागवण्याइतके प्रसन्नही असतात. त्याच वेळी कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा हमाल किंवा तिसऱ्या घरची भांडी घासत असलेली बाई सर्वेक्षणासाठी उपलब्ध नसते, याची नोंद ‘प्रतिसाद देण्यास अनुत्सुक’ अशी करावी. उत्तरासाठी तीन पर्याय ठेवावेत: अत्यंत समाधानी, समाधानी आणि बऱ्यापैकी समाधानी.

एवढे करूनही शेजारची वस्ती पुढे गेली, तर खचू नये. त्या निर्देशांकात २०१८ साली पुणे पहिले आले होते, आणि ज्या मोजपट्टीत पुणे पहिले येते तिच्याबद्दल नागपूरकराने काय मत बाळगावे हे मी सांगायला नको. आपल्याला शिकण्यासारखे आहे ते पुढेच. २०१८ मध्ये ७८ निकष आणि सर्व शहरांची एकच यादी होती; २०२० मध्ये निकष ४९ झाले आणि दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांची यादी वेगळी झाली. दिल्लीकरांची त्यामागे काही विद्वत्तापूर्ण कारणे असतील. आपण कारणांत न शिरता रीत तेवढी उचलावी आणि दर खेपेला निकष बदलावेत, म्हणजे यंदाचा आकडा गेल्या वेळच्या आकड्याशेजारी ठेवण्याची सोयच उरत नाही. तरीही प्रत्येक वस्तीत एक निवृत्त शिक्षक असतात, जे जुनी फाइल जपून ठेवतात आणि सभेत उभे राहून तुलना मागतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना ‘मोजमाप पद्धती उपसमिती’चे अध्यक्ष करावे, त्यांच्या नावाचे लेटरहेड छापावे आणि फाइल अभ्यासासाठी म्हणून मागून घ्यावी. उपसमितीची पहिली बैठक कोरमअभावी तहकूब होते, आणि तिच्या चहापाण्याचा खर्च ‘लोकसहभाग’ या शीर्षाखाली टाकता येतो.