अधिकारी होण्याची यादी

गावाकडे फोन केला की सैन्यभरतीचा विषय निघतोच. साताऱ्या-सांगलीची पोरं पहाटे उठून धावतात, शिपाई होतात. मग अधिकारी का होत नाहीत? उत्तर ठरलेलं: मराठी मुलाला महत्त्वाकांक्षा नाही, त्याला घर सुटत नाही. शिपाई म्हणून सियाचीनला जाणाऱ्या मुलाला घर सुटत नाही, असं म्हणवतं तरी कसं?

मी राहतो त्या लंडनजवळच्या किंग्स्टनच्या ग्रामर स्कूलमध्ये इंग्रज नाटककार आर. सी. शेरीफ शिकले. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर ते अधिकारी व्हायला गेले, तर समोरच्या साहेबाकडे मान्यताप्राप्त शाळांची यादी होती. तीत या शाळेचं नाव नव्हतं. परत पाठवलं. पुढे अधिकारी भराभर मरू लागले, तेव्हा त्याच तरुणाला ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये कमिशन, म्हणजे अधिकारपद, मिळालं आणि १९१७ साली बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या लढाईत तो जखमी झाला.

त्यांचं ‘जर्नीज एंड’ हे नाटक १९२८ साली रंगमंचावर आलं. मार्च १९१८, फ्रान्समधलं सेंट क्वेंटिन, खंदकातली अधिकाऱ्यांची खोली. स्टॅनहोप शाळेतून थेट आघाडीवर आलेला, एकविसाव्या वर्षी कंपनी कमांडर. राले त्याच शाळेचा, नुकताच आलेला. ऑस्बर्न मास्तर, एकेकाळी इंग्लंडकडून रग्बी खेळलेला. आणि शिपायापासून वर चढलेला ट्रॉटर. त्याची बोली वेगळी, खाण्यावर प्रेम. आघाडीवरच्या सहा दिवसांसाठी तो कागदावर १४४ गोल काढतो आणि तासागणिक एकेक काळा करतो. स्टॅनहोप व्हिस्कीवर तग धरतो, ट्रॉटर मुकाट्याने पहारा करतो. ऑस्बर्न पडल्यावर कंपनीतली दुसरी जागा ट्रॉटरकडेच येते. मला या नाटकात सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो.

आपल्याकडे तर यादीत नाव यायचा प्रश्नच नव्हता. लढाऊ पलटणींत १९१७ पर्यंत हिंदुस्थानी माणसाला किंग्ज कमिशन, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचं पद, मिळत नसे. कितीही पराक्रम करा, सुभेदार-मेजरपाशी वाट संपली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारपदापर्यंत पोचले, आणि १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. त्यांचं शौर्य काही एका रात्रीत आटलं नव्हतं.

आज तशी यादी नाही, हे खरं. पण अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत २०० गुण इंग्रजीचे, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत. खटाव-माणमधल्या जिल्हा परिषद शाळेतला मुलगा तिथेच मागे पडतो, मुलाखत तर पुढची गोष्ट. हे ओळखूनच राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावी झालेली मुलं तिथे एनडीएसाठी तयार होतात. पण दहावीपर्यंत थांबायचं कशाला? भरतीला पोरं देणाऱ्या प्रत्येक तालुक्यात आठवीपासून ही तयारी सुरू व्हायला हवी, बोलतं इंग्रजी आणि गणितासकट, आणि तीही सरकारी शाळेतच, फुकट.