संकल्प कसा सोडावा

३१ डिसेंबरच्या रात्री, पावभाजीची दुसरी प्लेट संपवून, नव्या वर्षाचा संकल्प करायला बसला असाल तर जरा थांबा. नुसत्या संकल्पावर आता भागत नाही, तो अर्थपूर्ण असावा लागतो. आणि 'अर्थपूर्ण' म्हणजे काय, हे कचेरीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. तेव्हा आधी खिशात हात घाला. जिमची वर्षाची फी एकरकमी भरा. महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याला आपण जात नाही याची दरमहा आठवण होते. वर्षाची भरली की वाईट एकदाच वाटतं.

शब्द कसे हवेत यासाठी मात्र शिबिरवाल्यांच्या नादी लागू नका. ध्येय नेमकं हवं, असं ते हजारो रुपये घेऊन सांगतात. आपले सत्यनारायणाचे गुरुजी तेच काम दक्षिणेत करून देतात. भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे… मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, नक्षत्र, शिवाय तुमचं गोत्र. एवढा पत्ता कुरिअरवालाही मागत नाही. हे सगळं पार पडलं की क्रियापद येतं, 'करिष्ये'. म्हणजे करीन. पुढे केव्हातरी. मग हातावरचं पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं, आणि या विधीला आपण म्हणतो संकल्प सोडणे! इतकं स्वच्छ सांगून ठेवलं असताना लोक दहा-पंधरा दिवस उगाच धरून बसतात.

काय सोडायचं हा खरा प्रश्न. आमची आजी काशीला जाऊन पडवळ सोडून आली. पडवळ तिनं त्याआधीही कधी तोंडात घातलं नव्हतं, पण काशीनंतर ते न खाण्याला पुण्य लागू झालं. तुम्हीही हेच धोरण ठेवा. शेअर बाजारात कधी दमडी घातली नसेल, तर यंदा सट्टा सोडा. चहा सोडण्याच्या फंदात मात्र पडू नका. चहा सोडलेला माणूस चौथ्या दिवशी घरात कुणालाच नको होतो.

जानेवारी फसला तरी घाबरू नका, आपल्याकडे नव्या सुरुवातींचा दुष्काळ नाही. गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, आषाढीला चातुर्मास लागतो, मग दसरा. दिवाळीतला पाडवा हा अर्धा मुहूर्त, त्या दिवशी संकल्पही अर्धाच करावा: पहाटे उठायचं, फिरायला जायचं नाही.

इतकं करूनही बायकोनं किंवा नवऱ्यानं हिशेब मागितलाच, तर सरळ दिल्लीकडे बोट दाखवा. देशाचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडतात. तोवर तुमचा संकल्प थंड झालेला असतो, त्यामुळे तुलना करायला मोकळीक. त्यात तूट पहिल्याच दिवशी छापलेली असते आणि कुणी लाजत नाही. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांचा 'सुधारित अंदाज' येतो. तुम्हीही 'दहा किलो कमी करणार' या मूळ अंदाजाचा 'निदान वाढू देणार नाही' असा सुधारित अंदाज जेवणाच्या टेबलावर मांडा. आणि प्रत्यक्ष आकडे? ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकातसुद्धा दोन वर्षांनी येतात. तोवर वजनकाटा माळ्यावर असू द्या.