हेम्पचं घोडं वाखापाशीच अडतंय

गेले काही महिने तोच एक व्हिडिओ फिरून फिरून येतोय. हेम्पपासून, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण नशा न आणणाऱ्या धाग्याच्या झाडापासून, म्हणे पंचवीस हजार वस्तू बनतात, एकरी लाखो रुपये सुटतात, फक्त सरकार परवानगी देत नाही म्हणून आपला शेतकरी मागे राहिला. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू या फसलेल्या लाटा ज्यांनी अंगावर घेतल्या त्यांना हा सूर ओळखीचा आहे. पिकाशी माझं भांडण नाही. पीक चांगलंच आहे. पण ज्या गोष्टीवर ते जगतं किंवा मरतं, तिच्याबद्दल या व्हिडिओत अवाक्षर नसतं.

आधी तो पंचवीस हजाराचा आकडा बघू. तो फेब्रुवारी १९३८ मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकातल्या एका लेखात आला होता. डायनामाइटपासून सेलोफेनपर्यंत म्हणे काहीही बनणार होतं. पण त्या लेखाचा सगळा डोलारा एका नव्या यंत्रावर उभा होता. खोडापासून धागा वेगळा काढणारं यंत्र आलंय, आता मजुरीची कटकट संपली, असा तो दावा होता. आकडा अजून फिरतोय, त्या यंत्राचं नाव मात्र कुणी काढत नाही.

हेम्प आणि गांजा एकाच जातीची झाडं. नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर हेम्प, वर गेलं तर गांजा. ही रेघ अर्नेस्ट स्मॉल या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी मारली आणि ती सोयीचीच आहे हे त्यानेही लपवलं नाही. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी तीच उचलली. शेतात मात्र फरक लांबून कळतो. धाग्याचं पीक दाट पेरतात. फांद्या फुटायला जागाच नसते, म्हणून झाडं काठीसारखी सरळ दहा-बारा फूट चढतात. गांज्याचं झाड ऐसपैस वाढवतात, कारण तिथे हवा असतो मादीचा फुलोरा.

आता मुद्द्याचं. हे पीक येतं सोपं, सोलायचं अवघड.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३ साली कायदाच केला होता: साठ एकर कसत असाल तर पाव एकरावर जवस किंवा हेम्प लावायचंच. आरमाराला दोर हवे होते. तरीही पुढे ब्रिटिश आरमार दोरांसाठी रशियाच्या तोंडाकडे बघत राहिलं. माझ्या मते यात जमिनीपेक्षा मजुरीचा वाटा मोठा. कापायचं, भिजत घालायचं, वाळवायचं, कुटायचं, विंचरायचं. रशियात या कामाला भूदास होते. अमेरिकेत केंटकीचं हेम्प गुलामांच्या हातांवर उभं होतं. दिवसाला शंभर पौंड वाख, म्हणजे सालीचा धागा, कुटून काढायचा, हे तिथलं ठरलेलं काम. गुलामी संपली आणि तो धंदा खचला. कापसाच्या गाठींवरचं हेम्पचं गोणपाट गेलं आणि त्याच्या जागी आलं बंगालच्या तागाचं. गांजा-हेम्पवर कर लावणारा १९३७ चा तो प्रसिद्ध कायदा आला तेव्हा अमेरिकेतलं हेम्प आधीच अंथरुणाला खिळलेलं होतं. त्यामुळे ‘बड्या उद्योगपतींनी कट करून पीक मारलं’ ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण मला ती अर्ध्याहून जास्त कथाच वाटते. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर मनिलाचा दोर बंद झाला, तेव्हा त्याच सरकारने प्रचारपट काढून शेतकऱ्यांना हेम्प लावायला सांगितलं, गिरण्या उभ्या केल्या. युद्ध संपलं, बाहेरचा स्वस्त माल परतला, गिरण्या बंद.

सोलणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी अंबाडी होती त्यांना विचारा. ज्वारीच्या कडेने अंबाडी, कोवळी असताना भाजीला, जून झाली की वाखाला. पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात टाकायच्या, वर दगड ठेवायचे, आठ-दहा दिवसांनी पाणी काळं पडतं आणि असा वास सुटतो की बाई त्या वाटेने पाण्याला जात नाही. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक काडी सोलायची. साल हाताला बुळबुळीत, काडी पांढरीफेक. झोडपून, धुऊन वाख वाळत टाकला की पुढे दावं, कासरा, चऱ्हाट. हे दोर वळायचं कसब पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातात होतं आणि त्याचं मोल गावाने कधी नीट दिलं नाही, तेही इथेच लिहून ठेवतो. नायलॉनचा दोर बाजारात आला आणि वाख गेला. अंबाडीवर कुठला कायदा आला नव्हता!

वेरूळचा दाखला हल्ली सगळेच देतात. तो खरा आहे. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे एम. एम. सरदेसाई यांनी तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे, म्हणजे याच झाडाचे, तंतू दाखवले, २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये. मिश्रणात सुमारे दहा टक्के. अजिंठ्याच्या चित्रांना कीड लागली, वेरूळचा गिलावा वाचला, तो यामुळे, असं त्यांचं म्हणणं. वाचून मलाही अभिमान वाटला. पण त्या गिलाव्याला कुटलेलं झाड पुरतं, त्यासाठी कापडाच्या दर्जाचा लांब धागा लागत नाही. तेव्हा वेरूळ दाखवून कुणी हेम्पच्या शर्टाचं स्वप्न विकत असेल तर जरा दमाने.

आपल्याकडे कायद्याने दार बंद आहे हेही अर्धसत्य. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याचं १४ वं कलम वाचा: धागा, बी आणि बागकामासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ साली ती दिली. हेम्पचं बी अन्न म्हणून विकायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ साली मान्यता दिली. त्याच वर्षी मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव नाही म्हणून दोन एकरात गांजा लावायची परवानगी जिल्हा प्रशासनाकडे मागितली होती. पोलिसांनी त्याला स्टंट म्हटलं. मला तो स्टंटपेक्षा हिशेब वाटला.

परवानगी द्यायलाच हवी, पण आधी परभणी, राहुरी, अकोल्याच्या विद्यापीठांना. कारण हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. युरोपातलं बियाणं तिथल्या लांबलचक उन्हाळी दिवसांचं. ते आपल्याकडे पेरलं तर लवकर फुलोऱ्यावर येतं, उंची धरत नाही, म्हणजे धागाच मिळत नाही. हिमालयातलं बी आणावं तर टीएचसी रेघ ओलांडायची भीती. मग उभं पीक नष्ट करायचा हुकूम आला तर भरपाई कोण देणार? अमेरिकेत २०१८ ला कायदा मोकळा झाला, २०१९ ला जो तो तेलासाठी लावत सुटला, भाव कोसळले आणि कित्येकांचा माल गोदामात पडून राहिला.

फ्रान्सने हे पीक कधी सोडलंच नाही. तिथे ओब भागात शेतकऱ्यांनी १९७३ साली सहकारी कारखाना काढला आणि त्याच्या भोवती हेम्प टिकलं. हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको, प्रवरानगरपासून आपण तेच करत आलोय. कारखान्याशिवाय ऊस म्हणजे जनावराचा चारा.

म्हणून हेम्पचं शिबिर घेणाऱ्यांना तीनच प्रश्न विचारा. सोलायची गिरणी माझ्या शेतापासून किती किलोमीटरवर? वाळल्या काडीचा टनाला भाव किती, आणि तो लेखी देता का? टीएचसी वर गेलं तर नुकसान कुणाचं?

तसं लेखी देणारी कंपनी कुणाला माहीत असेल तर खाली कराराचा फोटो टाका. व्हिडिओ नको.