सीडीआय म्हणजे नेहमीच जास्त पॉवर?

इग्निशनवरच्या एका लेखात म्हटलंय की परफॉर्मन्स इंजिनाला सीडीआयच हवं, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडून प्लगवर ठिणगी पाडणारी इग्निशन, कारण वरच्या आरपीएमला साधी कॉइल भरत नाही. अर्धंच खरं आहे हे.

माझ्याकडे राजदूत ३५० आहे, टू-स्ट्रोक, दोन पॉइंट (ठिणगीच्या वेळी कॉइलचा करंट तोडणारे यांत्रिक स्विच), दोन कॉइल. सावकाश चालवली की प्लग तेलाने काळे पडायचे. सीडीआय बसवल्यावर ती कटकट गेली, कारण कपॅसिटर आधीच ३००-४०० व्होल्टला भरलेला असतो. व्होल्टेज इतक्या झटक्यात चढतं की प्लगवरच्या घाणीतून वीज गळून जायला वेळच मिळत नाही. पॉवर वाढली असं मात्र शपथेवर सांगणार नाही!

पण ती ठिणगी क्षणभराची, जेमतेम १०० मायक्रोसेकंद. इंडक्टिव्ह पद्धतीत, म्हणजे कॉइलमध्येच ऊर्जा साठवतात तिथे, ती १-२ मिलिसेकंद टिकते. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर हे टिकणंच कामी येतं. एमएसडी या कंपनीची इग्निशन सीडीआय असूनही ३००० आरपीएमच्या खाली एकामागून एक ठिणग्या टाकते, ती उगाच नाही.

'वरच्या आरपीएमला कॉइल भरत नाही' हा मुद्दा एकाच कॉइलवर चालणाऱ्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा. ६००० ला तिथे सेकंदाला ४०० ठिणग्या, म्हणजे हातात फक्त अडीच मिलिसेकंद. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. फोर-स्ट्रोकला ९००० आरपीएमलाही १३ मिलिसेकंद मिळतात, भरायला तीनेक पुरतात. मग अडतंय कुठे?

आणि हो, सीडीआयची कॉइल पॉइंटवर लावू नका. रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, कॉइल तापते. गावातल्या एका गॅरेजवाल्याने माझी अशीच एक जाळली.