सिंगापूरचा कर, नवी मुंबईची जमीन

नेरूळ-वाशीच्या माझ्या वर्गमित्रांत कराचा विषय निघाला की सिंगापूरचं नाव येतंच. तिथे कर कमी, बाजार मोकळा, म्हणून देश पुढे गेला. आपल्याकडे सरकार नुसतं ओरबाडतं, असा सूर असतो. मी सिंगापुरात नोकरी करते, इथला कर भरते आणि माझी मतंही मुक्त बाजाराच्याच बाजूची आहेत. माणसाच्या कमाईवर पहिला हक्क त्याचा, सरकारचा त्यानंतर, हे मी मनापासून मानते. म्हणूनच हा दाखला मला खटकतो.

कराचे आकडे खरे आहेत. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर २४ टक्के, वस्तू व सेवा कर ९ टक्के, वारसा कर २००८ साली बंद झालेला. पण सरकारची ताकद फक्त पगाराच्या चिठ्ठीवरून मोजायची का? या देशातली जवळपास ९० टक्के जमीन सरकारच्या मालकीची आहे. १९६६च्या भूसंपादन कायद्यामुळे खासगी जमीन कमी मोबदल्यात घेता आली. बाजारभावाने भरपाई द्यायची तरतूद २००७ साली आली. बहुतेक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात, तेही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. एका इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं असावीत याचं प्रमाण १९८९पासून ठरलेलं आहे. ते भरलं असेल तर तुमचं घर हव्या त्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. एकट्या, अविवाहित नागरिकाला असं घर स्वतःच्या नावावर घ्यायचं तर वयाची पस्तिशी गाठावी लागते. गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळवायचा, आणि २०२३मध्ये त्या परवान्याचीच किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. याला मोकळा बाजार म्हणताना माझी जीभ अडखळते.

इथे एक गोष्ट मात्र मी मान्य करते: नियम आधी सांगितलेला असतो. ९९ वर्षांनी घर सरकारजमा होणार, हे घेणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असतं.

आता आपल्याकडे बघा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर शहराची आखणी झाली. आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरं गेली, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या घरांची जमीन घर घेणाऱ्यांनाही मिळाली नाही. ती साठ वर्षांच्या पट्ट्यावर. आयुष्याची पुंजी घालून घर घ्यायचं आणि विकताना सिडकोची परवानगी काढून हस्तांतरण शुल्क भरायचं. कधी ९९ वर्षांची मुदतवाढ, कधी फ्री होल्ड म्हणजे पूर्ण मालकी, अशा घोषणा अधूनमधून होतात. ज्यांची शेती गेली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी गावठाणाला लागून गरजेपोटी बांधलेली घरं तर अनेक दशकं कायदेशीर की बेकायदेशीर याच वादात अडकली आहेत. माझ्या मित्रांना प्राप्तिकराची टोचणी जाणवते, पण ज्या जमिनीवर ते झोपतात ती त्यांची नाही, याचा राग कुणाच्या बोलण्यात येत नाही.

जमिनीच्या लढ्यात आपल्याकडे जे घडलं ते सिंगापुरात घडूच शकलं नसतं. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती या रेट्यामुळे. सिंगापुरात एका ठरावीक बागेतला कोपरा सोडला तर सभा-निदर्शनांना पोलिसांचा परवाना लागतो. शेतकऱ्याने सरकारला अडवून आपली जमीन मागणं, यापेक्षा स्वातंत्र्यवादी कृती दुसरी कोणती? मित्रांना ही माणसं ‘विकासाच्या आड येणारी’ वाटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

करमाफीचंही तसंच. मुंबईत २०२२मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली. ठाण्यात आणि नवी मुंबईतही तीच मागणी होते. माझा याला विरोध आहे. सगळ्या करांत हा कर मला सर्वांत कमी खटकतो, कारण पैसा आपल्याच गटारावर आणि दिव्यांवर खर्च होतो का, हे खिडकीतून दिसतं. नवी मुंबई महापालिका पूर्वी व्यापाऱ्यांकडून सेस घेत असे, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि जीएसटीनंतर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर तिची भिस्त आहे. मालमत्ता करही सोडला तर ती पूर्णपणे मंत्रालयाच्या तोंडाकडे बघणार. कर कमी झाल्याचा आनंद होईल आणि सत्ता मात्र वाशीहून उचलून नरिमन पॉइंटला जाईल.

खरा अन्याय वेगळाच झाला. नवी मुंबईत २०२०पासून आणि ठाण्यात २०२२पासून कित्येक वर्षं एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार करत होते, आणि कराची बिलं मात्र वेळेवर येत होती. प्रतिनिधीशिवाय कर घेणं हा स्वातंत्र्यवादी विचारातला सर्वांत जुना आक्षेप. त्या काळात आमच्या गप्पांत चर्चा होती ती प्राप्तिकराच्या टप्प्यांची.

म्हणून माझ्या मागण्यांचा क्रम मित्रांपेक्षा निराळा आहे. आधी गावठाणालगतची गरजेपोटीची घरं त्या कुटुंबांच्या नावावर पक्की करा. मग सिडकोच्या घरांखालची जमीन, आणखी शुल्क न लावता, राहणाऱ्यांच्या मालकीची करा. भाडेपट्ट्याचा प्रीमियम त्यांनी एकदा मोजलेला आहे. मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक लांबली तर मालमत्ता करात वाढ करायला कायद्यानेच बंदी घाला. प्राप्तिकराचा दर त्यानंतर बोलू.