हलक्या गाडीला लांब गिअर की आखूड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलेलं नाही, पण गाड्यांची जाण आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळतं. म्हणून नुसते आभार मानून मोकळा होत नाही, सविस्तर लिहितो.

मागचा लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी हिशेबाला एक गाडी धरली होती: उघडी टू-सीटर, ड्रायव्हरसकट ६८० किलो, ताकद मागच्या चाकांना, इंजिन १०३ बीएचपी (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर १३० न्यूटन-मीटर. तिला केटरहॅम या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सहा-गिअर बॉक्सचे रेशो (बॉक्समधून एक फेरी बाहेर यायला इंजिनाच्या किती फेऱ्या) सुचवले होते: २.६९, २.०१, १.५९, १.३२, १.१३ आणि १.००, आणि फायनल, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफचा रेशो, ३.९२. दोन्हींचा गुणाकार तो एकूण रेशो: मोठा असेल तर गिअर आखूड (जोर जास्त, वेग कमी), लहान असेल तर लांब. त्यावर तुमचं म्हणणं असं: एवढ्या हलक्या गाडीला सहा गिअर म्हणजे निव्वळ दिखावा. फोर्डच्या टाइप ९ सारखा पाच गिअरचा बॉक्स घ्यावा (३.६५, १.९७, १.३७, १.००, ०.८२), फायनल ३.४ ठेवावा, आणि मग आपल्या इंदूरशेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर तिचा खरा टॉप स्पीड बघावा. दाखला तुम्ही माझदाच्या नव्या एमएक्स-५ चा दिलात, तिचा फायनल तर २.८६६ च आहे. आणि माझा पहिला गिअर इतका लांब आहे, की इंदूरजवळच्या भेरूघाटात चढावर थांबून गाडी उठवली तर क्लच जळेल.

म्हणजे तुम्हाला वरचे गिअर लांब हवेत आणि पहिला आखूड. मला नेमकं उलट हवंय, कारण वजन कमी केल्याचा फायदा पहिल्या गिअरला मिळतो. शेवटच्या गिअरचं वजनाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याची गाठ हवेशी असते.

नॅट्रॅक्सपासूनच सुरू करू. ११.३ किलोमीटरचा तो लंबगोल ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला आणि इंदूरकर म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. पण ट्रॅक कितीही लांब असला तरी चाकावरची ताकद आणि हवेचा अडथळा जिथे बरोबरीत येतात, तिथे गाडीचा वेग वाढायचा थांबतो. उघडी चाकं आणि उघडं कॉकपिट असलेली गाडी हलकी असली तरी हवेसाठी वाईट असते. तिचा अडथळा गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार मी ०.९ चौरस मीटर धरलाय. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून हवेची घनता १.१ घेतली. ताशी १८० किलोमीटरच्या वेगाला हवा सुमारे १,२४० न्यूटनने मागे ओढते आणि टायरचं घर्षण जेमतेम १००. एवढा जोर त्या वेगाला लावायचा तर चाकावर ९० बीएचपी लागतात, आणि आपल्या इंजिनाचे १०३ चाकापर्यंत पोचताना तेवढेच उरतात. म्हणजे टॉप स्पीड १८०. याच गाडीत १०० किलोची पोती टाकली, तर तो एका किलोमीटरनेही कमी होत नाही.

आता १.७५ मीटर घेराचं चाक धरून तुमचे रेशो घालून बघा. पाचव्याचा एकूण रेशो २.७९ होतो. ७,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या; हीच आपली रेडलाईन, म्हणजे कमाल मर्यादा) कागदावर २६३ चा वेग दिसतो. प्रत्यक्षात या गिअरमध्ये गाडी १६५ च्या आसपास, ४,४०० आरपीएमवर अडकते, कारण तिथे इंजिन आपली पुरी ताकद देतच नाही. चौथ्यात ठेवली तर ती याहून जास्त पळेल. माझ्या ३.९२ फायनलमध्ये सहाव्या गिअरला १८० च्या वेगाला ६,७०० आरपीएम येतात, कमाल ताकदीच्या किंचित पुढे. पाठीशी वारा असेल किंवा थोडा उतार लागला तरी रेडलाईनपर्यंत जागा उरते. टॉप स्पीडसाठी शेवटचा गिअर असाच निवडावा लागतो.

माझदाचा मुद्दा मात्र मला मान्य नाही, कारण तुम्ही नुसता फायनल बघितलात. त्या गाडीचा पहिला गिअर ५.०८७ आहे. २.८६६ ने गुणा, एकूण १४.५८ येतो. १९८९ च्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये पहिला ३.१३६ आणि फायनल ४.३ होता, एकूण १३.४८. म्हणजे "लांब" फायनलच्या गाडीचा पहिला गिअर उलट जास्त आखूड आहे! माझदाने मोठा रेशो डिफमधून काढून गिअरबॉक्समध्ये नेला, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. असा बॉक्स उघडून हातात घेतला की लगेच कळतं. खालच्या प्रत्येक गिअरमध्ये ताकद इनपुट शाफ्टवरून खाली लेशाफ्टवर उतरते आणि दुसऱ्या दात्यांच्या जोडीतून परत वर आउटपुटवर येते, दोन्ही ठिकाणी थोडी थोडी खर्च होत. १.००० च्या गिअरमध्ये स्लीव्ह सरकते आणि इनपुट थेट आउटपुटला जोडला जातो. लेशाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर भार नसतो. नव्या माझदात हा थेट गिअर सहावा आहे, हायवेवर सर्वांत जास्त वेळ चालणारा. त्या गाडीचा वरचा गिअर खरोखर लांब आहे, हे खरंच. पण तिचं अंग गुळगुळीत आहे आणि तिला रोजच्या वापरात मायलेजही द्यायचंय. आपल्या उघड्या गाडीला तो हिशेब लावता येत नाही.

आता क्लच. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तुमच्या पहिल्या गिअरचा एकूण रेशो १२.४, माझा १०.५. पूर्ण टॉर्क दिला तर तुमच्या गिअरमध्ये मागच्या चाकांवर ५,००० न्यूटनच्या वर जोर येतो. एवढ्या हलक्या गाडीच्या मागच्या टायरची पकड ३,७०० च्या जवळपास संपते, बाकी सगळं रबर जाळण्यात जातं. माझ्या गिअरमध्येही जोर ४,३०० आहे, पकडीहून जास्तच. मग आणखी आखूड करून काय मिळवायचं?

क्लच तापतो तो वजनाच्या प्रमाणात आणि पहिल्या गिअरच्या एकूण रेशोच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. चार माणसं बसलेली ११५० किलोची साधी हॅचबॅक घ्या, पहिल्या गिअरचा एकूण रेशो १४ धरा. आपल्या ६८० किलोच्या गाडीचा क्लच माझ्या लांब पहिल्या गिअरमध्ये तिच्यापेक्षा चार-पाच टक्के जास्त तापतो, बस. आणि अशा भरलेल्या हॅचबॅक खंडवा रोडने भेरूघाट रोज चढतात. आठ टक्के चढावर आपली गाडी मागे ओढली जाते ती साडेपाचशे न्यूटनने. २,००० आरपीएमला इंजिनाने १०० न्यूटन-मीटर दिले तरी चाकावर ३,३०० आहेत.

सहा गिअर दिखावा नाहीत, हेही तिथेच दिसतं. सिमरोलच्या पुढे एखाद्या तीव्र वळणातून तुम्ही तुमच्या बॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये बाहेर पडलात, ५९ ला रेडलाईन आली, दुसरा टाकला. सुई ७,००० वरून ३,७८० वर कोसळते. गाडी ओढते, पण मघाचा जीव तिच्यात राहत नाही. माझ्या बॉक्समध्ये पहिला ७० पर्यंत जातो आणि दुसरा पडतो तो ५,२३० वर. गिअर बदलल्यावर हाताशी असलेली ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त. पुढे प्रत्येक उडी आणखी लहान होत जाते: ५,५४०, ५,८१०, ५,९९०, ६,१९५. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढत जातो, म्हणून वरच्या गिअरांमधलं अंतर कमी हवं. टाइप ९ मध्ये सर्वांत मोठी उडी पहिल्या-दुसऱ्यात आहे. जड गाडी भरल्या वजनाने उठवायला ते बरोबर आहे.

दोन गोष्टींत तुमचं पारडं जड आहे. इंदुरात राजवाड्याच्या कोंडीत १,००० आरपीएमला माझी गाडी ताशी १० ने सरकते, तुमची साडेआठने. त्याखाली मला हाफ क्लचवर राहावं लागेल, आणि रोज तोच रस्ता असेल तर तो खरा त्रास आहे. दुसरं, हायवेवर १०० ला ३,७०० आरपीएम. एबी रोडने धुळ्यापर्यंत जाताना उघड्या गाडीत तो आवाज कानाशी राहणार. तुमचा वापर असा असेल तर टाइप ९ घ्या, पण फायनल ३.९२ च ठेवा. टॉप स्पीड चौथ्यात काढा आणि ०.८२ चा पाचवा फक्त निवांत जायला वापरा. १०० ला सुमारे ३,०५० आरपीएम येतील. ३.४ चा फायनल मात्र कुठल्याच बाजूने बसत नाही.

तुमच्या मनात एखादं ठरावीक इंजिन असेल तर त्याचा दर ५०० आरपीएमचा टॉर्क आणि टायरचा साइज खाली लिहा. याच पद्धतीने त्याचा तक्ता करून देतो.